फळ्यावरची सायकल

"उजू, अक्षर सुवाच्य काढ. घाई करू नकोस. हा खडू नाही, ऑइलपेंट आहे. एकदा लागला की लागला," असं म्हणत बाबांनी बूट चढवले. पाडव्याची दुपार होती, पोटात श्रीखंड होतं, पण कारखान्यात एका मोठ्या पंपाची चाचणी अडली होती आणि चिवटेसाहेबांशिवाय, म्हणजे बाबांशिवाय, ती सुटणार नव्हती. निदान चिवटेसाहेबांचं स्वतःचं तरी तसं मत होतं. बोलवायला आलेल्या शिपायाच्या सायकलची साखळी पडली होती, म्हणून त्यानं ती आमच्या पायरीला टेकवली आणि दोघं चालतच गेले.

"चिठ्ठ्या तुम्ही आधी बघणार होता ना?" मी मागून विचारलं.

"तूच लिहून टाक. मी आल्यावर सही करतो."

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. मिरजेपासून तासाभराच्या वाटेवर एक पंपांचा कारखाना होता आणि त्याच्या वसाहतीत आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. बाबा नियोजन विभागात होते. त्या फाल्गुनात ते पुण्याला तीन दिवसांच्या ट्रेनिंगला जाऊन आले आणि येताना एक प्लास्टिकची फाइल आणि एक वेड घेऊन आले. "ज्या माणसाला उद्दिष्ट नाही तो माणूस म्हणजे झडप नसलेला पंप," असं ते दिवसातून तीनदा म्हणायला लागले. कारखान्यातल्या पेंटरकडून त्यांनी एक काळा फळा करून आणला, त्यावर चार रकाने आखून घेतले आणि तो स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, कालनिर्णयाच्या खाली ठोकला.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाल्यावर त्यांनी आम्हा चौघांना सतरंजीवर बसवलं. आई, मी, माझा सात वर्षांचा भाऊ हेमंत आणि ते स्वतः. प्रत्येकाच्या हातात एक कोरी चिठ्ठी दिली.

"वर्षभरात स्वतः काय करणार ते लिहायचं. देवाकडं मागायचं नाही आणि दुसऱ्याच्या वतीनं लिहायचं नाही."

"मीपण लिहायचं?" आईनं विचारलं.

"तू या घरात राहतेस ना? मग तूपण."

"काहीही लिहिलं तर चालेल?"

"काहीही. चिठ्ठ्या मी बघणार, उजू फळ्यावर पक्कं करणार, खाली माझी सही. फळ्यावर आलं की मंजूर. मग त्यावर चर्चा नाही."

सहीचं बाबांना फार अगत्य. आमच्या घरातून किराणाची यादीसुद्धा त्यांच्या सहीशिवाय वाण्याकडे जात नसे. यादीत गूळ दोन किलो, हिंग एक डबी आणि खाली 'मंजूर', त्याखाली पल्लेदार सही. आईला त्याचं हसू यायचं. पण तिचंही एक होतंच. ती सगळं बाबांना विचारून करायची. रोज सकाळी नऊच्या आत स्वयंपाकघरातून हाक यायची, "अहो, ऐकलं का? वांग्याची करू का दोडक्याची?" बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "तुला वाटेल ती." की मग ती समाधानानं विळी घ्यायची. मला वाटायचं, उत्तर ठाऊक असताना ही विचारते कशाला. पण तो त्यांच्या दोघांतला नमस्कार-चमत्कार असावा.

"फळ्यावर आलं की मंजूर," आई स्वतःशीच म्हणाली आणि आमच्याकडे पाठ फिरवून, भिंतीकडे तोंड करून लिहायला बसली. आमचं सगळ्यांचं मिनिटात झालं. ती लिहीतच होती.

"आई निबंध लिहायला लागलीय," हेमंत म्हणाला.

"असू दे की. वर्षातून एकदाच लिहितीय," आई म्हणाली. चिठ्ठीची घडी घालून तिनं ती श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकली. सकाळभर ती गुणगुणत होती. जेवणं झाल्यावर एका वाटीत श्रीखंड घेऊन ती शेजारच्या मुल्लाभाभींकडे गेली, कारण त्यांच्या बाळाचं पोट धरलं होतं आणि वसाहतीत कुठल्याही बाळाचं पोट धरलं की आधी आईला बोलावणं यायचं, मग डॉक्टरला. वसाहतीतल्या निम्म्या पोरांना तिनं पायावर घेऊन न्हाऊ घातलेलं होतं. रडकं पोर तिच्या हातात गेलं की गप्प व्हायचं, हे मी स्वतः बघितलेलं आहे.

तर आई आधीच गेली होती, मग बाबा गेले, हेमंत झोपला, आणि मी ब्रश घेऊन चिठ्ठ्या उघडल्या.

बाबांची चिठ्ठी: 'तंबाखू कायमची बंद.' हेमंतची: 'क्रुष्णेतली सुसर जवळून बघणे.' माझी: 'गणितात ऐंशी.' आणि आईची, बारीक अक्षरात, दोन्ही बाजूंनी भरलेली:

'मिरजेला नर्सिंगच्या कोर्सला जायचं आहे. अठरा महिने, तिथंच राहून. पस्तीसच्या आत वय लागतं आणि मला आश्विनात पस्तीस पूर्ण होतात, म्हणजे हेच शेवटचं वर्ष. फॉर्म आणला आहे. दर रविवारी येईन. मुलांचं मी सगळं नीट लावून देईन. तोंडानं विचारायला धीर होत नाही म्हणून इथं लिहिलं. मंजूर व्हावं.'

मी ती चार वेळा वाचली. मला काही कळेना. आई मिरजेला राहणार म्हणजे काय? आया कुठं राहायला जातात का? मुल्लाभाभी माहेरी जायच्या, कांबळेकाकू एकदा आजारी म्हणून दवाखान्यात राहिल्या होत्या. पण उठून शिकायला, अठरा महिने? आमच्यावर चिडली असेल म्हणावं तर सकाळपासून गुणगुणत होती. थट्टा असेल म्हणावं तर थट्टेत कोणी वय लिहितं का? मी तिचं सगळं बोलणं आठवून बघितलं, त्यात मिरजेचा म सापडेना. रोज माझ्या वेण्या घालणाऱ्या बाईच्या डोक्यात हे एवढं होतं आणि मला पत्ता नाही, याचंच मला सगळ्यात विचित्र वाटलं.

खरं सांगायचं तर मी घाबरले. फळ्यावर आलं की मंजूर, मग चर्चा नाही. म्हणजे मी आता हे लिहिलं की आई जाणार. माझ्याच अक्षरानं जाणार. तीन रकाने मी भराभर भरले आणि चौथ्यापाशी ब्रश वाळायला लागला. दारातून पायरीला टेकलेली शिपायाची सायकल दिसत होती. मी लिहिलं, 'सौ. मंदाकिनी – सायकल शिकणे.' अक्षर फार सुरेख आलं. मग चारी चिठ्ठ्या न्हाणीघरातल्या बंबात घातल्या. सकाळचे निखारे अजून धुमसत होते.

बाबा दिवेलागणीला आले. फळा वाचताना त्यांचा चेहरा खुलत गेला.

"सायकल? मंदा? बघ, किती दिवस मनात असेल हिच्या. बोलली नाही कधी." मग त्यांनी विचारलं, "चिठ्ठ्या कुठायत?"

"बंबात टाकल्या."

"मूळ प्रत ठेवायची असते गं," ते म्हणाले, पण खुशीत होते. त्यांनी माझ्या हातातून ब्रश घेतला आणि खाली 'मंजूर' लिहून नेहमीची पल्लेदार सही ठोकली.

थोड्या वेळानं आई आली. हातात रिकामी वाटी होती. दारातच तिची नजर फळ्यावर गेली. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तिच्याकडे बघत होते. आता ही म्हणेल, हे मी लिहिलं नव्हतं. मग मला मार बसेल, आणि मग सगळं उघड्यावर येईल, आणि मग बाबा काहीतरी ठरवतील. मी त्या माराची जवळजवळ वाटच बघत होते.

"तुम्ही सही केलीत?" तिनं बाबांना विचारलं.

"केली. आणि अगदी मनापासून केली," बाबा म्हणाले.

"बरं," आई म्हणाली आणि वाटी धुवायला आत गेली.

एवढंच. मी रात्री बराच वेळ विचार करत पडले होते, की ही बोलली का नाही. कदाचित ती चिठ्ठी थट्टाच असेल. कदाचित तिला सायकलही चालत असेल. तेरा वर्षांच्या डोक्यात याहून जास्त काही शिरलं नाही.

तिसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. बाबांनी पतपेढीतून पैसे काढून एक हिरवी लेडीज सायकल आणली. सकाळी साडेपाचला कँटीनच्या मागच्या मैदानात आई नऊवारी नेसत नसली तरी पाचवारीचा कासोटा मारल्यासारखा पदर खोचून सीटवर बसायची आणि बाबा कॅरियर धरून मागून पळायचे. "पुढं बघ, पुढं बघ, मी धरलंय," असं ते धापा टाकत ओरडायचे. अख्खी वसाहत दात घासत बघायला यायची. "साहेब, पंपाला चाकं लावली काय?" असं कोणीतरी म्हणायचं. बाबा कोणाला जुमानत नसत. आई दोनदा पडली, गुडघे फुटले, बाबांनी स्वतः हळद लावली. आपल्या बायकोचं स्वप्न पुरं करायला निघालेल्या माणसाचा जो उत्साह असतो तो त्यांच्या अंगात शिरला होता, आणि ते बघायला नको म्हणून मी मैदानाकडे पाठ करून दात घासायचे.

आई न बोलता शिकली. कारखान्यातला कामगार नेमून दिलेलं काम करतो तशी. महिन्याभरात ती कोणाच्या मदतीशिवाय फाटकापर्यंत जाऊन यायला लागली. महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा फळ्यापुढं आढावा घ्यायचे. हेमंतची सुसर बाकी, माझं गणित बाकी, बाबांची तंबाखू तर चैत्र संपायच्या आतच परत सुरू झालेली. एकट्या आईच्या नावापुढं बरोबरची खूण. "या घरात एकच माणूस उद्दिष्ट गाठतो," बाबा अभिमानानं सांगायचे. आई भांड्यांचा आवाज करत राहायची.

मे महिन्यात एका दुपारी मला राहवलं नाही. घरात कोणी नाही असं बघून मी चिंधीला रॉकेल लावलं आणि फळ्यासमोर स्टूल ठेवून चढले. रॉकेलनं रंग निघतो हे मी पेंटरकडे पाहिलेलं होतं. 'सायकल'मधला स जेमतेम पुसट झाला तोच मागून आईचा आवाज आला.

"काय करायला लागलीस?"

"काही नाही. अक्षर वाकडं आलंय."

"छान आहे अक्षर. उतर खाली."

"आई, तुला सायकल नको असेल तर..."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी सांगणार होते. शब्द अगदी तोंडापर्यंत आले होते. पण तिनं माझ्या हातातली चिंधी काढून घेतली आणि म्हणाली, "राहू दे बाळ. सही झालीय त्यावर. सहीवरचं खोडू नये." मग तिनं मला खाली उतरवलं, हात साबणानं धुतले आणि माझ्या वेण्या सोडून परत घातल्या. त्या दिवशी त्यांची वेळ नव्हती तरी घातल्या.

एक गोष्ट मात्र माझ्या हळूहळू लक्षात आली. सकाळची हाक बंद झाली होती. वांग्याची की दोडक्याची, कोणी विचारत नव्हतं. भाजी शिजायची आणि ताटात यायची. किराणाची यादीही ती सहीला आणत नसे, सायकलवर टांग मारून परस्पर वाण्याकडे जायची. हेमंतच्या शाळेचं, पाहुण्यांचं, दिवाळीच्या कापडाचं, सगळं ती ठरवून मोकळी व्हायची. विचारलं की सांगायची, पण स्वतःहून विचारायची नाही. बाबा कौतुकानं म्हणायचे, "सायकल आली आणि बाईला पंख फुटले." मला मात्र काही उमगत नव्हतं. आई घरात होती. वेण्या घालत होती. मला हवं होतं ते सगळं जागच्या जागी होतं, तरी घरातून काहीतरी गेलं होतं आणि काय गेलंय ते मला सांगता येत नव्हतं.

दिवाळीच्या साफसफाईत मी फळीवरचे डबे उतरवत होते. डाळीच्या डब्यांखाली जुने कागद अंथरलेले होते. त्यात एक छापील फॉर्म निघाला, पालथा घातलेला. आईच्या बारीक अक्षरात सगळा भरलेला. नाव, वय चौतीस, शिक्षण मॅट्रिक. फक्त शेवटची ओळ कोरी होती. 'पतीची संमती व सही.' मी तो होता तसा पालथा घातला आणि वर डबे ठेवले. आश्विन सरत आला होता.

पुढच्या पाडव्याला बाबांचं वेड ओसरलेलं होतं. फळा काही दिवस भिंतीवर राहिला, मग कधीतरी मागच्या अंगणात पाण्याच्या हौदावर झाकण म्हणून गेला. हेमंतनं सुसर शेवटपर्यंत बघितली नाही. मला गणितात त्रेसष्ट पडले.

मी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. चौदा वर्षांनी मी बाळंतपणाला माहेरी आले. तोवर बाबा निवृत्त झाले होते आणि आम्ही मिरजेतच, रेल्वेफाटकापलीकडे, छोटं घर बांधलं होतं. आईची हिरवी सायकल अजून होती. चार-पाच गावांत ती त्या सायकलवरून बाळंतिणींकडे जायची. लोक तिला सिस्टर म्हणायचे. ती दर वेळी सांगायची, "मी सिस्टर नाही." तरी म्हणायचे.

त्या सकाळी ती माझ्या लेकीला न्हाऊ घालत होती. न्हाणीघरात पाटावर बसून पाय लांब केलेले, नडग्यांवर बाळ पालथं, शेजारी वेखंडाची पूड आणि कोमट पाण्याचा तांब्या. मी दारात खाटेवर टेकून बघत होते. माझी नोकरीची ऑर्डर आली होती, सोलापूरला, आणि नवऱ्याला कसं विचारावं याचा मी घोळ घालत होते.

"विचार की सरळ," आई म्हणाली.

"नाही म्हणाले तर?"

"तर नाही म्हणतील. पण तोंडानं विचार. चिठ्ठीबिठ्ठी लिहीत बसू नको." तिनं बाळाच्या पाठीवर पाण्याची धार सोडली. "मी एकदा विचारलं होतं तुझ्या बाबांना. जन्मात एकदाच स्वतःसाठी. चिठ्ठीवर. त्यांनी ती वाचली आणि फळ्यावर सायकल लिहायला लावली. वर मंजूर म्हणून सही. म्हणजे बघ, नाही म्हणायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. लहान पोराच्या हातात खुळखुळा देतात तशी सायकल दिली."

चौदा वर्षं मला न कळलेलं सगळं एका क्षणात कळलं आणि ते कळून घ्यायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

"आई, बाबांनी ती चिठ्ठी वाचलीच नाही."

"असं कसं? चिठ्ठ्या बघून मगच फळ्यावर, असं म्हणाले होते."

"कारखान्यातून बोलावणं आलं. ते गेले. चिठ्ठ्या मी उघडल्या. सायकल मी लिहिली. तू जाशील म्हणून. आणि ती चिठ्ठी बंबात जाळली. बाबांना वाटलं, सायकल तूच मागितलीस."

तिचा हात थांबला नाही. न्हाऊ घालताना मध्ये थांबता येत नाही, बाळ गारठतं. तिनं बाळ उताणं केलं, डोळ्यांवर आडवा तळवा धरून टाळूवर पाणी घातलं, काखा धुतल्या, मांड्या धुतल्या, एकेक बोट धुतलं. शेवटचा तांब्या ओवाळून टाकला. मग बाळाला पंच्यात गुंडाळून छातीशी धरलं आणि तशीच पाटावर बसून राहिली. तिचे पाय अजून ओले आणि लांब केलेले होते.

"मला काहीतरी बोल," मी म्हणाले. मला रडू आवरत नव्हतं. "मार हवं तर."

"तुला काय मारू? तेरा वर्षांची होतीस." ती बाळाच्या टाळूकडं बघत होती. "तुझ्यावर राग काढून संपेल. पण चौदा वर्षं मी त्या माणसावर रागावलेय, उजू. रोज. जेवायला वाढताना, सायकलवर बसताना, ते कॅरियर धरून पळायचे तेव्हासुद्धा. एक दिवस सोडला नाही. आता तो राग मी कुठं ठेवू?"

बाहेरच्या खोलीत बाबा पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज आला.

"बाबांना सांगू?" मी विचारलं.

"नको," ती लगेच म्हणाली. "त्यांनी सायकल किती हौसेनं शिकवली. त्यांचं तेवढं तरी राहू दे."

तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं, पदरानं पाय पुसले आणि भिंतीला धरून उठली. स्वयंपाकघरात गेली. विळी मांडल्याचा आवाज आला.

"अहो," तिची हाक आली. "ऐकलं का? वांग्याची करू का दोडक्याची?"

बाहेर पेपर खाली ठेवल्याचा आवाज झाला. बाबा चष्मा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारापाशी आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आधी त्यांनी आईकडं पाहिलं, मग काही समजतंय का म्हणून माझ्याकडं पाहिलं.

"मला विचारतेस?" ते म्हणाले.

"हो," आई म्हणाली. "तुम्हालाच."